टीव्हीत दिसलेली पाठ

कोन्नो : तिसऱ्यांदा सांगतो, ओइकावाकाका, तो टीव्ही आता भंगारात काढा. तुमच्या नोरिआकीच्या लग्नात माझ्या बाबांनी तुमच्याकडे पोचवलेला तो. सोळा वर्षं झाली.

ओइकावा : चित्र स्वच्छ येतं. तू मला फक्त तो डबा दे. डिजिटलचा.

कोन्नो : ट्यूनर म्हणतात त्याला. दुकानात एकच उरलाय, तोही मांडून ठेवलेला. देशात इतर सगळीकडे जुनं प्रक्षेपण गेल्या जुलैतच बंद झालं. त्सुनामीनं आडवं केलं म्हणून आपल्या तीन जिल्ह्यांना मुदत वाढवून मिळाली, तीही उद्या दुपारी बाराला संपते. आणि तुम्ही उगवताय आज.

ओइकावा : जोडायचा कसा ते सांग.

कोन्नो : टीव्हीच्या मागे लाल, पांढरं, पिवळं भोक आहे. ज्या रंगाची वायर त्या रंगात खुपसायची. हात्सुएकाकूंनाही जमेल.

ओइकावा : तिला नाही हात लावू देणार. चित्र तसंच दिसेल ना?

कोन्नो : तसंच कसं दिसेल? आताचं चित्र रुंद, तुमचा पडदा चौकोनी. वर-खाली काळी पट्टी येणार. मधलं सगळं जरा बारीक.

ओइकावा : माणसंही बारीक?

कोन्नो : माणसंही. नको असेल तर हे बटण दाबा, पडदा भरून येतो. फक्त दोन्हीकडच्या कडा कापल्या जातात.

ओइकावा : कडेला कुणी उभं असेल तर?

कोन्नो : तो जातो.

ओइकावा : मग बारीकच राहू दे. बारीक झाला तर पाठमोरा माणूस ओळखू येईल का रे? कोटावरची अक्षरं वगैरे?

कोन्नो : काका, तुम्हाला बातम्या बघायच्यात की दुर्बीण घ्यायचीय?

(दार ढकलून ओइकावांची सून चिहारू आत येते. बाहेर तिची गाडी चालूच आहे. हातातला कागदांचा लिफाफा तिनं छातीशी असा धरलाय, की दुमडला तर सगळंच मोडेल.)

चिहारू : बाबा, बल्ब घ्यायला म्हणून उतरलात. नगर कार्यालय पाचला बंद होतं.

कोन्नो : बल्ब कुठला, वहिनी? त्यांना ट्यूनर हवाय, त्या जुन्या टीव्हीला. तुम्हीच समजवा.

चिहारू : ट्यूनर? भाऊजी, आम्ही आज नोरिआकींच्या मृत्यूची नोंद करायला निघालोय. देह मिळाला नाही तरी आता अर्ज घेतात.

कोन्नो : असं होय. मला माहीत नव्हतं.

चिहारू : वर्षभर मीच नको म्हणत होते. आता मीच म्हटलं, पुरे. फक्त अर्जावर सहीच्या जागी बाबांचा शिक्का असल्याशिवाय करणार नव्हते. आणि बाबा, तुम्ही खिशात शिक्का घेऊन आईंना वाट बघायला हा डबा घेताय?

ओइकावा : ती नव्या टीव्हीसमोर बसत नाही. मदतीत आलेला तसाच खोक्यात पडलाय. म्हणते, नोरिआकी ह्यात दिसला, ह्यातच परत दिसणार.

कोन्नो : दिसला म्हणजे?

चिहारू : लाटेनंतर वीज परत आली ना, त्या दिवशी. बातम्यांत शाळेची व्यायामशाळा दाखवली, भिंतीवर वाचलेल्यांच्या नावांचे कागद. एक माणूस कडेला पाठमोरा उभा राहून वाचत होता. पाठीवर होयेई मारू. आमच्या होडीचं नाव. तसा कोट एका नोरिआकींकडेच होता.

कोन्नो : मग निदान तेव्हा तरी तो जिवंत...

चिहारू : तेच धरून बसले ना मी. डोक्याला मार लागला असेल, स्वतःचं नाव विसरले असतील. फोटो घेऊन अकितापर्यंतची इस्पितळं पालथी घातली. शवागारात एकदाही गेले नाही. कशाला जाऊ? मी जिवंत माणसाला शोधत होते.

ओइकावा : तो मी होतो.

चिहारू : कोण?

ओइकावा : व्यायामशाळेत. बर्फ पडत होतं. त्याचा कोट शेडमध्ये टांगलेला होता, लाटेच्या दिवशी तो घालून गेलाच नव्हता. मी अंगावर चढवला आणि त्याचं नाव शोधायला गेलो. चारी भिंती वाचल्या. नव्हतं. कॅमेरा होता हेही मला कळलं नाही.

चिहारू : तुम्ही घरी आलात तेव्हा मी तांदूळ धूत होते.

ओइकावा : कोट शेडमध्ये काढून आलो, तर हात्सुए दारातच म्हणाली, पोरगा सापडला. आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली ती. म्हटलं, आज जेवू दे, उद्या सांगू. उद्या उजाडला आणि कोट शेगडीत घातला.

चिहारू : आणि मला?

ओइकावा : तूही जेवलीस त्या दिवशी.

कोन्नो : मी जरा मागे जातो.

चिहारू : भाऊजी, थांबा. मला एकटीला ह्यांच्यासमोर उभं राहवणार नाही. बाबा, ज्यांना कुणी ओळखलं नाही त्यांना जाळून टाकलं, अस्थींच्या डब्यांवर नंबर घातले. नोरिआकींच्या मनगटावर मासे धरायच्या गळाचा वण होता. मी एकदा नुसती बघून आले असते तरी ओळखलं असतं.

ओइकावा : हो.

चिहारू : हो काय?

ओइकावा : रोज तेच मनात येतं. सकाळी तू गाडी काढायचीस, मी दारात उभा राहायचो. म्हणायचो, आज सांगतो. तू काच खाली करून म्हणायचीस, बाबा, आज सापडतील बघा.

चिहारू : तुमचा एवढा राग आलाय मला, की ह्या दुकानात मावणार नाही.

ओइकावा : येऊ दे.

कोन्नो : वहिनी, पोलिसांकडे ओळख न पटलेल्यांच्या फोटोंच्या वह्या अजून आहेत. कपडे, घड्याळं, चेहरेही. माझा चुलतभाऊ असाच मिळाला, जानेवारीत. हाडं का होईना, घरी आणली.

चिहारू : मग कार्यालय सोमवारी. आधी पोलीस. बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि प्रत्येक पान बघायचं. मान वळवायची नाही.

ओइकावा : नाही वळवणार.

कोन्नो : काका, हा ट्यूनर बाजूला ठेवतो. परत येताना घेऊन जा.

ओइकावा : नको. दुसऱ्या कुणाला दे. उद्या बाराच्या आत मी हात्सुएशेजारी बसतो आणि सांगतो.