वाढत्या अंगाच्या स्कीज

नाही, पण मला सांगा, दोन्ही टोकं वर वळलेल्या पट्ट्या पायाला बांधून बर्फावरून कुणी उलटं जातं का? उलटं! पाठ उताराकडे, तोंड डोंगराकडे! आणि त्यासाठी म्हणे वेगळ्या स्कीज लागतात, अहो, दुकानात त्यांचा वेगळा मजला, आणि मी, चिंचवडमध्ये वाढलेली बाई, जिने आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, मी त्या मजल्यावर उभी! का? तर आमच्या नेत्राला पार्कात जायचंय. पार्क म्हणजे बाग नव्हे हं, मीही आधी खुळ्यासारखी म्हटलं, जा की, डबा देते बरोबर... तर डोंगराच्या एका कडेला बर्फाचे उंचवटे करतात, लोखंडी पाइप रोवतात, आणि ही पोरं त्यावरून उड्या मारतात. त्याला म्हणायचं पार्क.

आता तुम्ही म्हणाल, सरळ नको म्हणायचं. कशी म्हणू? दोन वर्षांचं प्रोजेक्ट, दोन वर्षांचं प्रोजेक्ट म्हणत आमच्या ह्यांनी आम्हाला टोकियोच्या शेजारी ह्या ग्योतोकुला आणलं, त्याला झाली सहा वर्षं. तेव्हा नेत्रा सात वर्षांची, विमानात "आई ढग बघ, आई पंखा बघ" करून तिने माझं डोकं खाल्लं होतं. आता तेराची आहे, जपानी शाळेत जाते, मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं. आणि उत्तर तरी केवढं? एक शब्द! नेत्रा, शाळेत काय झालं आज? "बेत्सुनी." म्हणजे विशेष काही नाही. पोळीशी भाजी कुठली करू? "बेत्सुनी." अगं, दोन मिनिटं बस की आईजवळ! "बेत्सुनी." आणि हे? हे घरी असले की फोन कानाला लावून "हाय, हाय", म्हणजे हो साहेब, हो साहेब, करत भिंतीला वाकून नमस्कार घालत असतात. मग दिवसभर मी मराठी बोलते कुणाशी? तुम्हाला सांगते, कुकरशी. तो शिट्टी तरी देतो.

तर अशी ही पोरगी एक दिवस आपणहून म्हणाली, जपानीतच म्हणाली, पण म्हणाली, की शनिवारी माझ्याबरोबर दुकानात चल, बाबांना वेळ नाहीये. अहो, मी इतकी हरखले की गुरुवारीच कपडे काढून ठेवले, डबाभर चिवडा केला, म्हटलं ट्रेनमध्ये दोघी खात खात, गप्पा मारत जाऊ. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या बाईसाहेबांनी कानात बोंडं घातली. चिवडा मी एकटीने खाल्ला, तोही आवाज न करता, कारण इथे ट्रेनमध्ये सगळे इतके गप्प बसतात की शेंगदाणा चावायचीसुद्धा चोरी.

दुकानात एक इशिदा-सान. केस भोपळ्याच्या रंगाचे, पण मुलगा अगदी नम्र. पाच मिनिटं बोलला हो तो, हातवारे करून, स्की वाकवून दाखवून, पुढे जाऊन, मागे जाऊन... मी नेत्राला विचारलं, काय म्हणतोय गं? तर ही इंग्रजीत म्हणते, "ही सेज गुड." पाच मिनिटांचं एवढंच? मग त्याने एक जोडी नेत्राशेजारी उभी धरली, टोक आलं तिच्या नाकाच्या जरा खाली. तो खूश, ती खूश. आणि मी... माझ्यातली आई जागी झाली ना! म्हटलं, वाढत्या अंगाचं घ्यावं!

हसू नका, तुम्ही काय वेगळं केलंत? माझा आठवीत घेतलेला स्कर्ट मला दहावीत अंगाबरोबर झाला! बुटात कापूस, फ्रॉकला चार बोटं दुमड, अशीच वाढलोय सगळी. मी म्हटलं, इशिदा-सान, ह्यापेक्षा मोठी. अजून मोठी. टोक नेत्राच्या डोक्याच्या वर गेलं तेव्हा कुठे माझं समाधान झालं. इशिदा-सान दातांतून हवा ओढत म्हणाला, "सोऽऽ देसु नेऽऽ..." मला वाटलं, पटलं त्याला! सहा वर्षं राहूनही मला कळलं नाही की ह्या देशात 'नाही' असंच म्हणतात. बूटही घेतले, तेही वाढत्या पायाचे, दोन मोजे घालायचे हाकानाका.

नेत्राचे कान लालबुंद. मी म्हटलं, चालेल ना गं? खरं सांगू, मी वाट बघत होते. म्हटलं, आता भांडेल, भर दुकानात "आई, तू पण ना!" म्हणून पाय आपटेल. मला चाललं असतं हो! पण ती भिंतीवरच्या पाटीकडे बघत म्हणाली, "बेत्सुनी."

पहिल्याच रविवारी मैत्रिणीच्या आईच्या गाडीतून स्कीज घेऊन गेली आणि आली ती मैत्रिणीच्या बहिणीच्या जुन्या स्कीज मागून घेऊन. आमच्या नव्या गेल्या दाराशी, छत्र्यांच्या मागे. मी दर पंधरा दिवसांनी तिला दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलने खूण करायचे. तीन महिन्यांत एक सेंटिमीटर! आमच्या माहेरची उंची, दुसरं काय.

मग एकदा दाराशी फरशी पुसत होते, घरात कुणीच नाही, आणि सहज त्या स्कीशेजारी उभी राहिले. टोक बरोब्बर नाकाच्या खाली! इशिदा-सानने दाखवलं होतं तस्सं! बुटात पाय घातला, कापूससुद्धा नको! म्हणजे वाढत्या अंगाचं घेतलं खरं, पण झालं कुणाच्या अंगाला?

नेत्राला विचारलं, मी येऊ का गं रविवारी तुमच्याबरोबर? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बेत्सुनी." आता बेत्सुनी म्हणजे नाही असं थोडंच आहे? मी गेले!

पायथ्याशी सगळी पाच-पाच वर्षांची पोरं, माझ्या दोन पायांमधून निघून जातायत, आणि मी बेचाळीस वर्षांची बाई हातातल्या काठ्या घट्ट धरून उभी. नेत्रा कुठे, तर लांब वर, पार्कात, ठिपक्याएवढी. ती दिसतेय का म्हणून मी वळले, डोंगराकडे तोंड केलं... आणि त्या मेल्या स्कीजना कुठे पुढचं-मागचं कळतंय! निघाल्या की! उलट्या! ब्रेक कुठाय, अहो कुणीतरी सांगा, ब्रेक कुठाय!

आणि तेवढ्यात वरून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक, "आई! आईऽऽ! खाली बस! अगं, बस ना खाली!"

मराठीत! तुम्हाला सांगते, मराठीत! मी इतकी खूश झाले की बसायचंच विसरले आणि गेले थेट कडेच्या जाळीत. ती खाली आली भन्नाट, माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला, म्हणाली, "लागलं का? आई, तू पण ना!" माझ्या डोळ्यांत पाणी, तिला वाटलं दुखतंय म्हणून. मग मैत्रिणी आल्या, जपानी सुरू झालं, आणि गेली निघून वर.

हे म्हणाले, सुचित्रा, तिथे नवशिक्यांचा क्लास असतो, तीन धड्यांत सरळ जायला शिकवतात, नाव घाल. मी म्हटलं, बघू. बघू कसलं? मी नाही शिकणार. सरळ जायला लागले तर ती ओरडेल कशाला? येत्या रविवारी जाणारे पुन्हा... उलटीच.