श्रीरंगपट्टणचे निळे पत्रे

(म्हैसूर, चामराजपुरम. निवृत्ती शिंप्याच्या दुकानात विश्राम सरदाराचा अंगरखा घालून आरशापुढे उभा आहे.)

विश्राम : घेर वाढवा ना काका. सरदार वाटलो पाहिजे, बँडवाला नको.

निवृत्ती : हात खाली घ्या सर. कापड पोटातच संपलं, नोडी, बघा ना, घेराला कुठून आणू?

विश्राम : दिवसभर खुर्चीत बसून काम, काय करणार! रविवारी श्रीरंगपट्टणात आमच्या मंडळाचा प्रयोग आहे. सतराशे ब्याण्णवला आपल्या फौजेनं घातलेला वेढा. बेटाभोवती कावेरी, समोर किल्ला, आणि मी घोड्यावर!

निवृत्ती : घोडा मिळाला?

विश्राम : बाइक आहे. वर झूल टाकणार.

निवृत्ती : आणि इंग्रज? आपले लोक तेव्हा त्यांच्याबरोबरच होते, अल्वा?

विश्राम : त्यांना कापलं. वेळ कमी आहे, आणि उगाच लोकांचा मूड जातो. तुम्हाला बरंच माहीत आहे हो!

निवृत्ती : घरच तिथं आहे सर. किल्ल्याच्या भिंतीला लागून. दुकान इथं, झोपायला बेटावर.

विश्राम : काय सांगता! म्हणजे तुमचे पूर्वज त्या फौजेतले!

निवृत्ती : छे हो! सुईदोरा घेऊन आलेले. किल्ला कोणीही जिंको, अंगरख्याचे बंद सगळ्यांचेच तुटायचे.

विश्राम : मग हा फोटो बघाच. काय भिंत आहे! आणि तिला चिकटून हे निळे पत्रे! डोकंच फिरलं माझं. बसल्या जागी पुरातत्त्व खात्याकडे ऑनलाइन तक्रार ठोकली. तिसऱ्या दिवशी काम बंद!

निवृत्ती : चौथ्या.

विश्राम : काय?

निवृत्ती : चौथ्या दिवशी आले. बुधवारी. कौलं सगळी उतरवली होती. दोन पत्रे चढले होते, तेपण काढायला लावले.

विश्राम : ते... तुमचं घर?

निवृत्ती : शांताक्काची खोली. माझी थोरली बहीण. दोन वर्षं झाली, पाय गेलेत तिचे. वर नुसती ताडपत्री, पाऊस आला की गळते, मग मी खाट ओढतो, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. ती विचारते, कोणत्या मेल्यानं केलं रे हे? आता सांगता येईल.

विश्राम : देवा! काका, फोटोत माणसं दिसत नव्हती हो.

निवृत्ती : आत होती.

विश्राम : मागे घेतो तक्रार. आत्ता घेतो. थांबा... तसं बटणच नाही इथे. ‘जागरूक नागरिका, आभारी आहोत’ एवढंच येतंय.

निवृत्ती : हलू नका. राग आलाय सर, फार आलाय, आणि हातात टाचण्या आहेत.

विश्राम : मला खरंच लाज वाटते. प्रयोगाच्या शेवटी तुमचं नाव घेऊ का?

निवृत्ती : बेडा सर, नाव नको. पत्र्यांच्या परवानगीचा अर्ज घेऊन त्याच खात्यात फिरतोय, तिथं चला माझ्याबरोबर.

विश्राम : येतो ना. नक्की येतो. रविवार होऊन जाऊ दे फक्त. आणि काका... विचारू का नको कळत नाही. कपडे बदलायला आम्हाला तिथे जागा नाही. पंचवीस जण आहोत. तुमच्याकडे...

निवृत्ती : या की. माणसं आली की अक्काला बरं वाटतं. पाऊस आला तर तेवढं किल्ल्याच्या कमानीखाली जाऊन उभे राहा. तिथं गळत नाही.