लोकरीचा छोटा तुकडा

ती : सीटवरची ही लोकर इथेच का संपली?

तो : कुठे?

ती : इथे. जिथे तुम्ही संपता आणि मी सुरू होते, बरोब्बर तिथे.

तो : अगं, ते मापच तसं आहे. ती बॅग दे, मोटरसायकलला बांधून टाकतो. ग्रुपमधले सगळे पेट्रोल पंपावर पोचलेसुद्धा.

ती : बॅग राहू दे. मी दोन तुकडे शिवले होते, एक मोठा, एक छोटा. मोठा तुमच्या सीटवर ऐटीत बसलेला दिसतोय. माझा छोटा कुठेय?

तो : तुझा?

ती : मागच्या सीटचा हो.

तो : मागच्या सीटचा असं मी कधी म्हटलं?

ती : मग कशाचा होता तो?

तो : पेटीचा.

ती : कुठल्या पेटीचा?

तो : ही काय, मागे लावलीय ती. कॅमेऱ्याची. आतून अस्तर केलंय त्याचं. बघ तरी उघडून, काय फिट बसलंय! तुझ्या हाताला तोड नाही.

ती : आई, ऐकलंत का?

आई : ऐकतेय ना. इथे पायरीवर बसलेय मघापासून. तुम्हाला टाटा करायला म्हणून उतरले आणि इथे वेगळंच चाललंय. कॅमेऱ्याला लोकर रे?

तो : आई, तू मध्ये पडू नकोस.

आई : मी कुठे पडतेय बाबा? पडेल ती. मागून.

तो : अरे, काय चेष्टा आहे का! लेन्स आहे ती, नाजूक असते. डोंगरातला रस्ता, आठवडाभर दणके. एक दणका चुकीचा बसला की संपलं.

ती : हो ना. लेन्सला दणका बसता कामा नये.

तो : तेच म्हणतोय मी.

ती : तरीच म्हटलं, हा तुकडा एवढासा कसा, आणि ह्याला चार कोपरे कसे? सीटला कुठे असतात चार कोपरे? पण मनाशी म्हणाले, असतील दुमडायचे. ह्यांनी माप काढलंय म्हणजे विचार करूनच काढलं असणार. अहो, ते मेंढीचं लोकरीसकट कातडं मशिनखालून सरकता सरकत नव्हतं. सुया मोडल्या माझ्या. नाकात लोकर जाऊन शिंकून शिंकून बेजार झाले. तुमचा मोठा तुकडा कसाबसा उरकला, खोटं कशाला बोलू? पण छोट्याला मी दुहेरी शिवण घातली. कडेने पट्टी लावली. का, माहितेय? मला वाटलं, तो माझा आहे.

तो : मग विचारायचंस ना मला.

ती : काय विचारायचं? 'अहो, ह्यात मीही आहे ना?' असं?

आई : विचारलं असतं तरी म्हणाला असता, नंतर बोलू, आता टायरची हवा बघतोय.

तो : हे बघ, तू शांतपणे ऐकून घे. ह्यामागे शास्त्र आहे. चालवणाऱ्याचं वजन सतत एका जागी दाबलं जातं. लोकर असली की ते पसरतं, खालून हवा खेळती राहते, घाम येत नाही. उन्हात तापत नाही, थंडीत ऊब देते. चालवणारा आरामात असला की गाडी नीट चालते. गाडी नीट चालली की तू सुखरूप. म्हणजे शेवटी तुझाच फायदा.

ती : अगं बाई! म्हणजे तुमच्या बुडाखालची लोकर माझ्यासाठीच आहे.

तो : एका अर्थी, हो.

आई : ह्याला नोकरी कोणी दिली?

तो : आई!

आई : नाही, सहज विचारलं.

तो : आणि तुला काय, तू तर नुसती बसतेस मागे.

ती : नुसती बसते! अहो, नुसतं बसणाऱ्यालाच लागते हो लोकर. ती काय गिअर टाकायला लावतात का?

तो : आमच्या ग्रुपच्या कॅप्टनने सगळ्यांसाठी एकदम मागवली कातडी. सगळ्यांनी पुढेच लावलीय. मी काय जगावेगळं केलं?

ती : मी कुठे म्हणतेय जगावेगळं केलंत? तोच तर वैताग आहे.

तो : बरं बाबा, चुकलं. आता काय करू, सांग. काढू पेटीतला तुकडा? हा बघ, काढला. ठेव इथे. बस त्यावर.

ती : ह्यावर? अहो, हा ताटाएवढा तुकडा. ह्यावर मी बसू की मांजर बसवू? मी शिवलाय ना, मला त्याचं माप तोंडपाठ आहे.

तो : मग उशी घे घरातली.

ती : वळणावर उशी एकीकडे आणि मी एकीकडे.

तो : म्हणजे तुला ऐकायचंच नाही काही. निघायच्या वेळी काहीतरी खुसपट काढायचं आणि सगळ्यावर पाणी ओतायचं.

आई : अरे, एक विचारू? रागावू नकोस.

तो : विचार.

आई : तुझ्या मागे बसून हिचं काय दुखतं, ठाऊक आहे का तुला?

तो : हा काय प्रश्न झाला?

आई : सोपा आहे की. सांग.

तो : पाठ.

ती : चूक.

तो : मान? गुडघे. गुडघेच. पाय आखडतात तुझे, मला माहितेय.

आई : देवा रे. सगळं शरीर फिरून येणार हा, पण तिथे पोचणार नाही.

ती : माकडहाड.

तो : माकडहाड? ते कधीपासून?

ती : जिन्यात घसरले होते, तेव्हापासून. डॉक्टरकडे कोणी नेलं होतं मला?

तो : मीच नेलं होतं.

ती : कशावरून?

तो : आता गाडीवरूनच नेणार ना.

ती : ह्याच गाडीवरून. ह्याच सीटवरून. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जात होता. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय? कडक जागी बसायचं नाही, मऊ काहीतरी घेऊन बसायचं, नाहीतर जन्मभराचं दुखणं लागेल. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होतात.

तो : होतोच ना मी.

ती : होतात. फोनवर लेन्सची माहिती वाचत होतात.

तो : मला वाटलं, तुझं बरं झालं. तू पुन्हा कधी बोलली नाहीस.

ती : तुमच्या पाठीमागून बोललेलं तुम्हाला ऐकू येतं का? मी आई गं म्हटलं की तुम्ही म्हणता, नीट धर.

आई : ह्याचे वडील मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. हाडं खिळखिळी व्हायची. पण त्यांनी स्वतःच्या खाली कधी गादी घेतली नाही हो. दोघंही सारखेच लंगडत घरी यायचो.

तो : आई, आत्ता बाबांचं कशाला?

आई : बरं, राहिलं.

ती : अहो, तुम्ही ते कातडं घरी आणलंत ना, तेव्हा मला काय वाटलं सांगू? हसाल. मला वाटलं, ह्यांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. बोलून दाखवत नाहीत, पण लक्षात ठेवलं. शिवणाच्या दुकानात सगळ्या जणींना सांगत सुटले मी, आमच्या ह्यांनी माझ्यासाठी लोकर आणलीय. मिरवलं हो मी. चार दिवस नुसती हवेत होते. आता तिथे जाऊन काय सांगू? की ती कॅमेऱ्याला लागली?

तो : अगं, तू असं बोलायला लागलीस की मला काही सुचत नाही.

ती : नका सुचवून घेऊ. तुम्ही निघा. मी येत नाही.

तो : येत नाही म्हणजे? सगळे जोडीने चाललेत!

ती : तुमची जोडी आहे की. पेटीत आहे, लोकरीत गुंडाळून.

तो : हे अति होतंय हां.

आई : अति नाही रे. बेताचंच बोलतेय ती. मी तिच्या जागी असते तर तुझ्या टायरमध्ये टाचणी घातली असती.

(फोन वाजतो.)

तो : कॅप्टनचा आहे. काय सांगू?

ती : मी येत नाही म्हणून सांगा.

तो : हॅलो... हो, हो, निघालोच... म्हणजे मी एकटाच निघतोय. नाही रे, हिची जरा तब्येत... हो ना, अचानक.

ती : अचानक नाही.

तो : दुखतंय तिचं. बायकांचं काय रे, आयत्या वेळी काहीतरी...

ती : अहो. नीट सांगताय, की फोन माझ्याकडे देताय?

तो : एक मिनिट रे, धर... आयत्या वेळी नाही. जुनं दुखणं आहे. डॉक्टरांनी कडक जागी बसू नको म्हणून सांगितलं होतं तिला. आणि मी ती लोकर फक्त पुढे लावली... हो, माझ्याच सीटला. मागे नाही. उरलेली कॅमेऱ्याच्या पेटीत घातली... हो रे, कॅमेऱ्याच्या. तिच्याकडूनच शिवून घेतली. तिला वाटलं, तिच्यासाठी आहे.

आई : बोलला एकदाचा.

तो : हसतायत.

ती : कोण?

तो : सगळे. स्पीकरवर धरलाय त्याने फोन. घोळका करून उभे आहेत पंपावर. कॅप्टनला तर हसून हसून ठसका लागलाय.

ती : आणि बायका?

तो : बायकांचं काय?

ती : त्यांच्या बायका. त्याही तिथेच असतील ना? त्या हसतायत का?

तो : थांब, ऐकू दे... नाही. त्या कोणी हसत नाहीयेत.