उन्हाळी लिहिलेला कट्टा

हॅलो?… हॅलो, कोण?… अवं, बेबीताई, तूच का! बोल नं… हाव, कामिनीच बोलून राहिली, माह्या फोनवर दुसरं कोण बोलन?… नाही, घरीच आहे. अंगणवाडीले सुट्टी आहे नं उन्हाळ्याची…

आवाजाले? आवाजाले काय झालं?… सर्दी आहे थोडी… मे महिन्यात होत नाही का कोणाले सर्दी? मले होते. माहं सगळंच उलटं राहते, तुले माहीत नाही का…

हाव, ऐकून राहिली. चारच दिवस राहिले, हाव… मंडपवाला येऊन गेला? बरं झालं… काय?… अवं, तू कायले रडून राहिली?… काय म्हणाली तृप्ती?… "मम्मी, तू एक काम धड करत नाही, कामिनीमावशीकून शिक"?… असं म्हणाली?… अवं, नवरी होऊन राहिली पोरगी, चिडनच की. तू मनावर नको घेऊ… नाही, नाही, माह्याकून काय शिकते तू! ताई, ऐक नं… अवं, ऐक त…

हाव, लेबलं आहेत अजून. सगळ्याईवर आहेत… हाव, अंगणवाडीच्या त्या ट्रेनिंगपासूनच. मॅडमनं सांगतलं, हर वस्तूले जागा अन् हर जागेले नाव. मंग मी कायची थांबतो! आधी अंगणवाडी, मंग घर. हिवाळी पेटी, पावसाळी पेटी… खिचडीच्या गंजावर पण 'खिचडी' लिहून ठेवलं. लेकराईले वाचता येत नाही, अन् जिले येते तिले, म्हणजे मले, खिचडी दिसतेच डोळ्यानं…

हस, हस. तेवढीच हसली तू… आणखी सांगू? मागच्या पावसाळ्यात मी अंगणवाडीत खताची थैली डोक्यावर घेऊन जात होती, आठवते? गरिबी नव्हती आली. छत्र्या पावसाळी पेटीत, पेटी माळ्यावर, अन् माळ्यावर चढायची शिडी… शिडी पण माळ्यावरच ठेवली होती. अडचण होते म्हणून… हाव, मीच ठेवली. आता असं माणूस तुही पोरगी तुले मास्तरीण म्हणून दाखवून राहिली…

काय?… शालू?… हाव, शालू… आणतो नं. चार दिवस आहेत अजून… उद्या? उद्या कायले?… तृप्तीची सासू येऊन राहिली? शालू पाहाले?… नाही, मी कुठे घाबरून राहिली… आहे नं, शालू आहे. म्हणजे… असनच कुठेतरी… नाही, 'कुठेतरी' म्हणजे तसं नाही… 

ताई, तू उभी आहे का बसली आहे?… बस पहिले. कूलरच्या पुढे बस… बसली?… शालू मिलमध्ये गेला.

मिलमध्ये… राइस मिल अवं. तुमसरच्या… नाही, विकाले नाही. भरडाले… धान भरडतात तसा… ताई? हॅलो?… ओरडू नको, भाऊजी ऐकतील. सांगतो. सगळं सांगतो, तू चूप राह्य एक मिनिट…

तुह्या घराचं छत टाकून राहिले होते, तवा दिवाळीत तू शालू माह्याजवळ दिला नं. मी म्हटलं, लग्न उन्हाळ्यात आहे, मंग शालू उन्हाळ्याच्या सामानात. सुती चादरी, मच्छरदाणी, माठाचं फडकं, अन् सगळ्याच्या मधात शालू, गाठोड्यात बांधून. पेट्या सरल्या होत्या, म्हणून धानाच्या कट्ट्यात भरलं. नवीन पोतं होतं, धुतलेलं. दाभणानं तोंड शिवलं. अन् वरून मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं… उन्हाळी.

हाव… हाव… तुले एका घडीत समजलं. मले सहा महिने नाही समजलं. आपल्या इकडे कट्ट्यावर 'उन्हाळी' लिहिलं त माणूस काय समजन? उन्हाळी धान! दुसरं काय समजन?… ह्यायनं ओसरीत धानाचे कट्टे रचले होते, माहा बाजूलेच. आज पहाटे सगळे ट्रॅक्टरवर टाकले अन् गेले. मी उठून पाह्यतो त ओसरी साफ. अन् मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, वा, आज घर कसं नीट दिसून राहिलं!… तोंडानं म्हटलं ताई. चहा पिता पिता…

नाही उघडला कट्टा. नाही, एकदाही नाही… अवं, उन्हाळा सरत आला अन् उन्हाळ्याचा कट्टा उघडायचाच राहिला. आम्ही अजून हिवाळ्याच्या चादरीवर निजून राहिलो, घाम पुसत पुसत. विचारू नको काही…

लावला नं ह्यायले फोन! समजल्या बरोबर लावला. घरातच वाजला… भिंतीतल्या देवळीत मी लिहून ठेवलं आहे, 'मोबाइलची जागा'. दोन वर्षं झाले, ह्या माणसानं कधी जाग्यावर ठेवला नाही. आज ठेवला. आज!… मिलवाल्याचा नंबर? आहे नं. ह्यायच्याच मोबाइलमध्ये आहे, अन् मोबाइल उघडत नाही माह्याकून… बाजूच्या सचिनभाऊले पाठवलं गाडीवर. त्यालेही दीड घंटा झाला. म्हणून आवाज असा आहे. सर्दी-गिर्दी काही नाही…

ताई, शिव्या दे. पाहिजे तेवढ्या दे…

मले माहीत आहे, डाळिंबी रंग तिनं स्वतः निवडला… माहीत आहे, भाऊजीईनं नागपूरले दोन चकरा मारल्या… ताई, मी काय सांगू. लहानपणापासून मी विसरभोळी. माय बाजारात तुले पाठवे, मले नाही. मीठ आणाले सांगतलं त मी बांगड्या पाहून येत होती. तू पहिल्यांदा माह्या हातात काहीतरी ठेवलं. मी दिवाळीपासून किती ऐटीत होती माहीत आहे? अंगणवाडीत सगळ्याईले सांगतलं, भाचीचा शालू माह्याजवळ आहे, बहिणीनं विश्वासानं ठेवला आहे… माफ कर मले. मी दुसरा घेऊन देतो… नाही, तसा नाही भेटणार, माहीत आहे. पण माफ कर ताई…

थांब. थांब थांब. ट्रॅक्टर… अवं, आले वाटते! फोन ठेवू नको, धरून राह्य… अजी! अजी, तो कट्टा कुठे आहे?… कोणता काय, माहा कट्टा! निळ्या अक्षराचा!… ताई, आहे! आहे अवं, कट्टा आहे! शिवण तशीच्या तशी!… काय म्हणता?… ताई, काट्यावर चढवला त सात किलोच भरला. मिलवाला म्हणते, हेमराजभाऊ, ह्यात दाणा आहे का निरा पोचटच भरून आणला? अन् बाजूले फेकला… हे माह्यावरच तापून राहिले. चारचौघात इज्जत गेली म्हणते… अजी, तुमच्या इज्जतीचं मंग पाहू, पहिले विळा द्या!

ताई, आहे नं लाइनवर? स्पीकरवर ठेवला फोन… कापली सुतळी… ही चादर… ही दुसरी… मच्छरदाणी… माठाचं फडकं… हे पाह्य, गाठोडं! गाठोडं आहे ताई, देवा रे देवा… गाठ सोडून राहिली…

रिकामं आहे.

ताई, रिकामं आहे आतून… नाही, शिवण नव्हती उसवली कोणी… थांब, कागद आहे एक. चिठ्ठी आहे. थांब, चष्मा… "शालू ब्लाउज अन् फॉलसाठी नेला. महाशिवरात्री. बेबी."

ताई?… हे तुहं अक्षर आहे.

हाव, मीच सांगतलं होतं, कट्ट्यातून काही काढलं त चिठ्ठी ठेवा. घरचे कोणीच ठेवत नाहीत. तूच एक ठेवली… अन् तोंड दाभणानं परत शिवून पण गेली?… मी देवळात गेली होती?… अन् ह्यायले सांगून गेली होती?… अजी, शिवरात्रीले ताई शालू घेऊन गेली, तुमाले सांगतलं होतं?… डोकं खाजवून राहिले. म्हणजे सांगतलं होतं.

मंग टेलर कोणता?… भंडाऱ्याचा… बस स्टँडजवळचा, बरं. पावती?… पावती कुठे आहे?… आठवत नाही?… हाव, मंग रंगकाम निघालं… मंग पत्रिका… समजते मले, सगळं समजते… नाही, हसून नाही राहिली… बरं, थोडी हसून राहिली. अर्ध्या घंट्यापासून रडूनच राहिली होती नं मी!

अवं, तू नको रडू आता… ताई, ऐक. माफी नको मागू… नको मागू म्हटलं नं. माफी मागायची सवय मले आहे, तुले नाही. तुले जमत नाही ते, मलेच कसंतरी वाटते… मी उद्या पहिल्या एसटीनं भंडाऱ्याले जातो. पावती नसली त दुकानात ठाण मांडून बसतो. शालू घेऊन दुपारपर्यंत लाखनीले तुह्या दारात. तिची सासू यायच्या पहिले…

काय?… कोण आली?… तृप्ती? मागेच उभी आहे?… किती ऐकलं तिनं?… फक्त 'टेलर' ऐकलं… तू काही बोलू नको. फोन दे तिले… ताई, दे म्हणतो नं…

हॅलो, तृप्ती? हाव बेटा, मावशी… मम्मी? ते माह्यामुळं रडून राहिली… शालू नं, भंडाऱ्याले आहे, टेलरजवळ… मी टाकला… मीच. शिवरात्रीले फॉल लावाले टाकला, अन् साफ विसरून गेली… नाही, मम्मीचं काही चुकलं नाही. तिनं त दहा खेपा आठवण करून दिली मले… हाव, लेबलं लावणारी मावशी. लेबलानं डोकं सुधरते का बेटा?… चिड, माह्यावर चिड. पण मम्मीले पाणी दे पहिले, अन् हे चार दिवस तिच्यावर ओरडू नको…

काय म्हटलं?… तुले वाटलंच होतं, मावशीच विसरली असन?…

हाव बेटा. वाटणारच… ठेवतो.