अंजनीताईंचं उत्तर

...नाही, तुम्हीच सांगा, कोणत्याही बाईनं मला काहून विचारावं की 'दीदी, आप मेरी जगह होतीं तो क्या करतीं?' अहो, मी नाही ना तुमच्या जागी. इथं जबलपुरात, अधारतालला डॉक्टर विनीताबाईंच्या दवाखान्यात मागच्या खोलीत माझी खुर्ची आहे. पाळी जायच्या वयातल्या बायका येतात. हार्मोनचं औषध घ्यायचं की नाही हे त्यांना नीट समजावं म्हणून मला अकरा वर्षांपासून तिथं बसवलंय. फायदा काय, धोका काय, दुसरं काय करता येतं. मी सांगते, ठरवत नाही. पण ऐकतं कोण?

तुम्हाला सांगते, मागच्या जानेवारीत अंजनीताई आल्या. बावन्न वय, शाळेत गणित शिकवतात, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. सोबत यजमान, मुरलीधरजी, फॅक्टरीतून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले, बगलेत ही एवढी फाईल. मी ताईंना विचारलं, काय त्रास होतो, तर उत्तर मुरलीधरजींचं. हिला घाम येतो. हिला झोप नाही. जबलपूरच्या थंडीत पंखा पाचवर चालतो आणि मी मंकी कॅप घालून झोपून राहिलो मॅडम, काहीतरी द्या. मी पुन्हा ताईंकडे पाहून विचारलं, तुम्हाला काय होतं? तर ते म्हणाले, "तेच तर सांगून राहिलो ना."

आता अशा यजमानांसाठी माझ्याकडे एक उपाय आहे. मी म्हणते, या रिपोर्टची झेरॉक्स लागेल. मेन रोडच्या दुकानात गर्दी असते, वीस मिनिटं कुठं गेली नाहीत. ती झेरॉक्स मला आजपर्यंत एकदाही लागलेली नाही.

ते गेले आणि ताई पर्सची चेन उघडत-लावत म्हणाल्या, घामाचं काही नाही हो, घाम पुसता येतो. आठवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर अर्धं गणित सोडवलं आणि पुढची पायरीच आठवेना. बावीस वर्षं शिकवलेलं गणित. "पोरी चूप बसल्या," त्या म्हणाल्या. "हसल्या असत्या तर बरं झालं असतं." आणि पर्समधून एक घडी केलेला कागद काढून दाखवला. नोकरीचा राजीनामा. सही केलेली, तारीख घालायची राहिलेली. घरी कोणाला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मग औषधाबद्दल बोलू या. तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. धाकटी बहीण होती, पुष्पा. पंचेचाळीसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. शेवटचे सात महिने यांच्याच घरी होती, तिचे केस यांनीच आपल्या हातानं उतरवले. एवढी जाडजूड फाईल, पण त्यात हे कुठंच नव्हतं. मुरलीधरजींना वाटलं, ते तर बहिणीचं, हिचं थोडीच.

मग काय, विनीताबाईंनी सगळं विचारलं, आई, मावशा, आत्या... दुसऱ्या कोणाला नव्हतं. मॅमोग्राफी करवली, साफ आली. बाई म्हणाल्या, हार्मोनचा दरवाजा तुमच्यासाठी बंद नाही, पण बहीण फार कमी वयात गेली, तेव्हा विचार करून ठरवा. आणि ताईंना परत माझ्या खोलीत पाठवलं.

मी सगळं सांगितलं. हार्मोननं घाम कमी होतो, झोप लागते, झोप लागली की डोकं चालतं, हाडांनाही बरं. गर्भाशय आहे म्हणून दोन हार्मोन लागतील, आणि ते काही वर्षं घेतले तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. थोडा म्हणजे किती, तर साधारण हजार बायकांत चार-पाच जास्त, तेही घरात कोणाला नसलेल्यांचं, तुमचं बहिणीमुळं जरा वेगळं. हार्मोनशिवायच्या गोळ्याही आहेत, त्यांचा असर कमी, पण आहे. मी रोज हेच बोलते, तोंडपाठ आहे मला.

ताईंनी ऐकून घेतलं. गणिताच्या बाई, आकडे कळतात. मग हळूच म्हणाल्या, "हजारात चार-पाच म्हणजे कमीच आहेत, शैलजाताई. पण पुष्पा तर एकच होती."

त्यांनी 'तुम्ही माझ्या जागी असता तर?' विचारलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, सहा महिने घेऊन पाहा, नोकरी वाचेल. जिभेवर आलं होतं, बाप्पा. पण मी सांगते, ठरवत नाही. आणि बघा, त्या एकट्यांनीच मला ते विचारलं नाही. म्हणाल्या, घरी जाऊन यांना तो कागद दाखवते, मग बोलू.

दहा दिवसांनी दोघं आले. या वेळी फाईल ताईंच्या हातात. मुरलीधरजी भिंतीकडे पाहून राहिले होते. राजीनामा वाचून तिसऱ्या दिवशी म्हणे त्यांनी शाळेत स्वतः जाऊन हेडमास्तरांना भेटायची परवानगी मागितली... हेडमास्तरांची नव्हे, ताईंची. ताईंनी नाही म्हटलं. स्वतः गेल्या, डोकं ताजं असतं तेव्हाचे, सकाळचे तास मागून घेतले. औषधाचं त्यांनी ठरवलं होतं, हार्मोन नको, दुसरी गोळी द्या.

गोळीनं घाम निम्म्यावर आला. झोप कधी लागते, कधी नाही. वर्गात आता पुढची पायरी लिहिलेली चिठ्ठी ठेवतात, आणि शिकवतात. बरोबर केलं का त्यांनी? मला नाही माहीत. हार्मोननं जास्त बरं वाटलं असतं कदाचित. पण औषध हातात घेताना रोज पुष्पा आठवली असती, ते कोणत्या आकड्यात धरायचं?

चलो, मी म्हटलं, एक तरी बाई स्वतः विचार करून गेली. तर मागच्या आठवड्यात त्यांच्याच शाळेतल्या चार बाया एकदम आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, आम्हाला हार्मोन नको. मी विचारलं, काहून? कोणाच्या घरी कॅन्सर? कोणाच्याच नाही. एकीची हाडं कमजोर, एकीला तीन महिने झोप नाही. मी म्हटलं, अहो, ते अंजनीताईंचं उत्तर आहे, त्यांचं त्यांनी काढलं.

तर त्यातली एक म्हणते, "हो ना, गणिताच्या बाई आहेत त्या. त्यांनी काढलंय म्हणजे बरोबरच असेल."