बारा तारांची गिटार आन् रेखाचा कान

माहा बाप भंडाऱ्याकडचा, रेल्वेत खलाशी लागला म्हनून रायपूरले आला आन् मंग इथलाच होऊन गेला, त माहा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी बी इथलीच, रेल्वेत फिटर होतो मी, आता रिटायर होऊन तीन वर्सं झाली. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला का हिंदी, आन् भाजीवाली आली का तिच्यासंगं हव हव करत छत्तीसगढी, असं आमचं चालते. माही पोट्टी त, काय सांगू तुमाले, मी मराठीत बोललो का ती हिंदीत उत्तर देते, समजते सगळं, जबान वळत नाही. तुमी हे लिहून राहिले नं, ते मी तिले वाचून दाखवीन, मंग म्हनंल पापा, ये क्या क्या बोल दिए आप.

गिटारीचं विचारलं नं तुमी, येतो, तिथंच येऊन राहिलो. पन पयले बेंजोचं सांगा लागते. आमच्या पाऱ्यातल्या, म्हंजे मोहल्ल्यातल्या विहारात भीमगीतांची मंडळी होती, हार्मोनियम, ढोलक आन् बेंजो, बेंजो म्हंजे ते टायपराईटरवानी बटनं असलेलं तारांचं वाद्य, आन् ते मी वाजवत होतो, पंधरा सोळा वर्साचा होतो तवापासून. बेंजोत तारा जोडीनं असतात, दोनी तारा एकाच सुरात लावाच्या, तवा तो झनझन आवाज निघते. माह्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं, जोडी म्हंजे दोनी सारख्या. हे ध्यानात ठेवा, याच्यातच माही माती झाली.

त झालं असं, बूढ़ापाऱ्यात एक ऑर्केस्ट्रावाले भैया होते, त्याईनं पार्टी बंद केली आन् सामान काढून राहिले होते. मी गेलो होतो जुना माईक पाहाले. आन् भिंतीले ती टांगून. बाप्पा बाप्पा! लाल रंगाची, अंगानं जड, बिजलीवर वाजनारी, आन् वर डोक्यावर मोजल्या त बारा खुंट्या. तार एकही नव्हती. म्हनलं भैया ये क्या है, त म्हने बारह तार की है, सहा जोड्या, कोनाले जमत नाही म्हनून पडून आहे. सहा जोड्या आयकल्यावर माहं काळीजच उडालं, म्हनलं हा त माहा बेंजोच, फक्त मोठा झाला. माईक राहिला तिथंच, मी गिटार घेऊन घरी. रेखानं, म्हंजे माही बायको, तिनं दारातच पाह्यलं आन् म्हने, माईक असा असते का हो आजकाल?

आता तारा पाह्यजे. सदर बाजारात गेलो, दुकानवाला म्हने बारह का सेट मंगवाना पडेगा, दस दिन लगेगा. दहा दिवस कोन थांबते जी! मी म्हनलं सहाचे दोन पाकीट द्या, सहा आन् सहा बारा, हिसाब बराबर. घरी आलो, तारा लावाले बसलो, त दांडीच्या टोकाले, खुंट्यांखालच्या पट्टीत तार बसन्यासाठी खाचा असतात नं, त्यातल्या काही खाचा एकदम बारीक, माही जाडी तार जाईच ना. दुसऱ्या कोनी विचार केला असता का बा हे बारीक काहून? पन मी फिटर, माह्या हातात बारीक कानस, मले वाटलं बनवनाऱ्यानं काम अर्धवट सोडलं. घासल्या. सगळ्या खाचा एकसारख्या करून टाकल्या, इतक्या साफ का तुमी बोट फिरवून पाहा. आन् तारा चढवल्या, जोडीतल्या दोनी एका सुरात, आमच्या बेंजोवानी.

वाजली, हो. खोटं काहून बोलू, विहाराच्या खिडक्या थरथरल्या तिच्यानं. लोक म्हनत वा भाऊ वा, आन् मी तीन इंच उंच चालाले लागलो.

फक्त रेखाले जमलं नाही. आता रेखाचं सांगतो, ती गोंदियाची, महिला मंडळात गाते, आवाज काही मोठा नाही तिचा, पन सरळ, सुरावर ठेवला का हलत नाही. मी बेंजो वाजवत होतो तवा आमची जोडी होती, लोक बोलवून नेत. घरी तांदूळ निवडता निवडता बी ती गुनगुनत राहे, आन् मी नहानीतून आयकत राहू. त एक दिवस विहारात तालीम चालू होती, पंधरा वीस बाया बसून, आन् हिनं मधातच गानं थांबवलं. म्हने, का हो, तुमची गिटार माह्या आवाजावर बसून राहिली, खालूनच सगळं भरून टाकते, वरचं काही वाजतच नाही तिच्यात. आन् मी, सगळ्या बायांसमोर, तुले सुरातलं काय समजते, तू गाय, वाजवनं माहं काम आहे.

असा बोललो मी. भैताड होतो, दुसरं काय.

ती भांडली नाही. गान्याची वही मिटली, पिशवीत टाकली, पदर खोचला आन् घरी गेली. संध्याकाळी मले चहा बी देल्ला, जेवन बी वाढलं, पोट्टीच्या फीसचं बी बोलली. फक्त गानं बंद. माह्यासंगं त बंदच, पन घरात बी बंद. तांदूळ निवडे तवा चूप. मंडळानं माह्या जागी कीबोर्डवाला पाह्यला, ती तिथं बाकीच्यांच्या मांग बसून टाळी देई, एकटीनं गाय म्हनलं का घसा बसला म्हने. दोन वर्सं, दोन भीमजयंत्या गेल्या अशा. मले कळत होतं नं, असं नाही का कळत नव्हतं. पन तोंडातून निघे ना. जेवाच्या टायमाले ताटावर बसलो का म्हनू आज बोलतो, आन् मंग म्हनू मीठ दे.

इकडं गिटारीची दांडी वाकाले लागली. जाड्या जाड्या बारा तारा, ओढतीन नाही त काय! तारा इतक्या वर उचलल्या का बोटं दाबून दाबून रक्त ये, आन् दांडीवरच्या पाचव्या घराच्या पुढं सगळंच बेसूर. मंग ब्राह्मणपाऱ्यात एक म्हातारे दादा आहेत, सितार, हार्मोनियम, सगळं सुधारतात, त्याईच्याकडं घेऊन गेलो. मी म्हनलं दांडी पाहा. त्याईनं चष्मा लावला आन् दांडी पाह्यलीच नाही, वरच्या खाचांवर नख फिरवलं. म्हने, ये किसने घिसा? म्हनलं मैंने. म्हने हाथ बहुत साफ है आपका. मी फुगलो थोडासा. मंग म्हने, पर सत्यानास कर दिया भैया.

आन् मले समजावून सांगतलं, पोराले सांगावं तसं. खालच्या चार जोड्याईत एक तार जाडी, आन् तिच्या बाजूची बारीक, सूर तोच पन एक सप्तक वर. फक्त शेवटच्या दोन जोड्या सारख्या. बनवनाऱ्यानं म्हनूनच खाचा बारीक ठेवल्या होत्या. म्हने आपने ऊपर वाली आवाज ही निकाल दी, सब नीचे का रह गया. किसी ने टोका नहीं?

मी स्टुलावर बसलो. म्हनलं, टोका था. कौन? म्हनलं घरवाली ने. दादा माह्याकडं पाहात राहिले आन् म्हने, बारह तार का नाम नहीं सुना होगा उन्होंने, और सुन के बता दिया? तो भैया, उनको लाना था मेरे पास, गिटार काहे लाए. त्या दिवशी, काय सांगू तुमाले, मले पयल्यांदा समजलं का मी कोनासंगं संसार करून राहिलो.

दादाईनं दांडीच्या आतली सळई रोज थोडी थोडी पिळून दांडी सरळ केली, आन् नव्या खाचा पाडाले हाडाची एक कोरी पट्टी माह्या हातात देल्ली, म्हने बिगाड़ा आपने है, बनाएंगे भी आप. चार रविवार बसलो त्याईच्या ओट्यावर, एक खाच जाडी, एक बारीक, फुकून फुकून पाहात. जन्मात एवढं भेत भेत काम केलं नव्हतं मी. बाराचा सेट मांगवला, दहा दिवस थांबलो चूपचाप, आन् दादाईनं सांगतलं तसं सूर दोन घरं खाली उतरवून लावली, म्हंजे दांडीवर जोर नको. एक जोडी छेडली, त खालून बाप बोलते आन् वरून पोट्टी, अशी वाजली. डोळ्यात पानी आलं माह्या.

घरी रेखाले काहीच सांगतलं नाही. जिथं बोललो तिथंच बोलाले पाह्यजे होतं. रविवारी सांजच्याले विहारात त्याच बाया बसल्या होत्या, मी गिटार लावली आन् उभा राहिलो. म्हनलं, बाई लोकहो, रेखानं सांगतलं होतं का गिटारीत वरचं वाजत नाही, ते खरं होतं. तारा मी चुकीच्या लावल्या होत्या, खाचा माह्याच हातानं घासल्या होत्या, आन् वरून हिलेच बोललो तुमच्या समोर. त तुमच्या समोरच सांगतो, हिले समजत होतं, मले समजत नव्हतं. माहं चुकलं.

एक बाई हासली फिक्कन, तिले बाजूचीनं कोपर मारलं. रेखा मांगच बसून, मान खाली. मले वाटलं गेलं, आता आयुष्यभर असंच. मी बसलो आन् हळू हळू एक एक जोडी वाजवली, सहाच्या सहा, गानं नाही, नुसता सूर. मंग ती उठली. बायाईच्या मधातून आली, माह्या समोर मांडी घालून बसली, डोळे मिटून परत वाजवा म्हने. वाजवलं. म्हने, तिसऱ्या जोडीतली बारीक उतरली. आन् उतरली होती, हो! नवी तार, ताणून सैल पडली होती. मी लावली. ती म्हने, अजून. अजून केली. हं, म्हने, आता ठेवा. आन् पिशवीतून वही काढली.

आता काय, आता बोटं आकडतात माही, बारा तारा लावाले अर्धा तास जाते, तो बी तिच्याशिवाय होत नाही. ती स्वयंपाकघरातून ओरडते, वर घ्या, वर घ्या, बस, आन् मी खुंटी पिळतो. जयंतीले गातो आमी दोघं, नाव तिचं पुकारतात, मी मांग बसतो, गिटारीचा आवाज तिच्या खाली ठेवतो. पोट्टी मोबाईलमंधे घेते आन् म्हनते मम्मी क्या गाती है, आन् मले वाटते हव बाई, आयक, चांगलं आयक.

तुमी एवढं बसून आयकलं माहं, तुमाले बी घरात कोनी असं टोकनारं भेटो, आन् भेटलं त त्याच दिवशी त्याचं मानून घ्याची अक्कल येवो. मले दोन वर्सं लागली. त्या बारीक तारा मिळून गेल्या बाजारात, पन त्या दोन वर्साची तिची गानी त गेलीच नं, ते कुठून आनू मी?