युवराजशी जुळणारं

आमगावहून गोंदियाला निघालेल्या एसटीत पुढच्या सीटवर मायलेकी उखाणा जुळवत बसल्या होत्या. मागच्या सीटवरच्या हर्षाचं स्वतःचं लग्न महिन्यावर आलं होतं, म्हणून तिनं कान तिकडेच लावला.

"बोल न व, गुंजन. तुह्या सासरी नणंदेच्या पोराचं बारसं आहे. बाया नाव घ्याले लावतीनच."

"जुळून नाही राहिलं, माय. फुलचूर किती दूर आहे?"

"येऊनच राहिलं. घे, हातात हिरवा चुडा, गळ्यात मोत्यांचा साज, बारशाच्या दिवशी नाव घेते, माझे धनी युवराज."

"गळा नको. बाया गळ्याकडे पाहातीन."

"मंग हे घे. सासर माझं सोन्याचं, सासूबाई राखतात लाज..."

"ते खरं आहे."

"मंग तेच घे."

"आवाज पण जुळते, माय."

"कोनाचा आवाज?"

"युवराजचा. तो आवाज चढला का सासू टीव्ही मोठा करते. शेजारी ऐकू नाही गेलं पाह्यजे न."

माय तिच्याकडे वळली.

"दिवाळीपासून माह्याजवळ आहेस. काऊन नाही सांगितलं?"

"तू कवा इचारलं? परत कवा जातेस, एवढंच इचारत होतीस."

कंडक्टरनं घंटी ओढली.

"मावशी, फुलचूर आलं. उतरा."

माय लेकीचा हात धरून बसून राहिली.

"पुढचं तिकीट द्या, भाऊ. गोंदियावरून आमगावची गाडी कवा आहे?"